‘चार’ आणि ‘चाक’

शाळा उघडायला दोन-तीन दिवस उरले की मी कपाटासमोर फतकल मारून बसते. मुलं अजून सुट्टीत असतात, वर्ग शांत असतात, आणि यंदा सगळं शिस्तीत लावायचं हा दरवर्षीचा निश्चय नव्यानं झालेला असतो. स्पीच थेरपिस्टच्या कपाटात असतं तरी काय? चित्रांची कार्डं, हातात धरायचा आरसा, फासे, वाळूचं घड्याळ आणि साबणाच्या फुग्यांची बाटली. ही बाटली कितीही घट्ट लावा, सुट्टीनंतर ती गळलेलीच सापडते.

कार्डं लावायला आपल्याकडे तयार सोय आहे ती वर्णमालेची. शाळेत पाठ केली तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, पण तो तोंडाचा नकाशाच आहे. ‘क’ घशाजवळ, मग पुढे पुढे येत ‘त’ला जीभ दातांशी आणि ‘प’ला थेट ओठ. माझ्या डब्यातले कप्पे याच क्रमानं आहेत. मुलांचं बोलणं मात्र बहुधा दुसऱ्या टोकाकडून सुरू होतं, म, ब, प आधी. मागचा ‘क’ जमेपर्यंत कितीतरी मुलांचा काका ‘ताता’च असतो. म्हणून ‘कार’ आणि ‘तार’, ‘काप’ आणि ‘ताप’ या जोड्या मी रबर लावून एकत्र ठेवते. कार मागायला गेलं आणि हातात तारेचं चित्र आलं, की माझ्या दहा सूचनांनी कळलं नसतं ते मुलाला एका क्षणात कळतं. रागही येतो. येऊ दे.

घोडं अडतं ते ‘च’च्या कप्प्यात. ‘चार’ आणि ‘चाक’ एकामागून एक म्हणून पाहा. ‘चाक’ला जीभ दातांच्या मागे टेकते, ‘चार’ला टाळूकडे सरकते. अक्षर एक, आवाज दोन, आणि एक नीट येणाऱ्या मुलाला दुसरा येईलच असं नाही. इतकी वर्षं दोन्ही एकाच ढिगात होते. यंदा मधे पुठ्ठा उभा करून कप्पा दुभागला. शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावल्या, त्यांना कारण सांगितलं, तर त्या ‘चार, चाक, चार, चाक’ पुटपुटत जिन्यापर्यंत गेल्या.

कपाट हा खरं तर लाडाचा भाग. खरी कसोटी वेळापत्रकाची. गणिताच्या तासाला मूल सोडायला शिक्षक तयार नसतात, खेळाच्या तासाला मूलच तयार नसतं. उरलेल्या फटींत तिघा-तिघांचे गट बसवायचे, आणि तेही कुणालाही कुणाशी जोडून चालत नाही. अडखळत बोलणाऱ्या मुलाशेजारी दुसऱ्याचं वाक्य पुरं करणारं मूल बसवलं, तर त्या मुलाचा तास बुडालाच समजा. मी पेन्सिलीनं लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते. कागद भोकं पडेपर्यंत टिकतो.

सगळ्यात उपयोगी वस्तू निघते ती तळाशी, गेल्या वर्षाची वही. दर तासाला बरोबर-चूक अशा खुणा आणि शेवटी एखादी ओळ. एका पानावर लिहिलंय: ‘ळ. सुट्या शब्दात 10 पैकी 8, वाक्यात 3. गप्पांत अजिबात नाही. डायनासोरचा विषय काढावा.’ ते शेवटचं वाक्य मी का लिहिलं असेल, ते वाचताक्षणी आठवलं. हा मुलगा कार्डं बघून जांभया द्यायचा. डायनासोरचे डोळे, सुळे आणि आयाळ (आयाळ त्याची स्वतःची भर) यांवर मात्र वाळू संपली तरी थांबायचा नाही. नवं पान उघडून त्याचं नाव टाकलं आणि खाली पहिलं काम लिहिलं: सुट्टीत काय टिकलं, काय निसटलं, ते बघणे. बघायला मुद्दाम बसावं लागलं नाही. पहिल्या दिवशी घंटा व्हायच्या आत तो दारात हजर. उंच झालेला, पुढचा एक दात पडलेला.

“बाई, माझी वेल कुठली?”

वेळापत्रक अजून पेन्सिलीतच होतं.