चारशे छप्पन्न नावांची मतपत्रिका

1996 च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघातून 456 जण उभे होते. बहुतेक जण, मराठी सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून झगडणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या हाकेला ओ देऊन. निवडून यायचं नव्हतंच. 1 नोव्हेंबर 1956 ला सीमाभाग म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात घातला गेला, तेव्हापासूनचं गाऱ्हाणं दिल्लीच्या कानावर घालायचं होतं. मी मराठी शाळेत शिक्षक होतो, आणि तालुक्यातल्या एका गावात माझी मतदानाची ड्युटी लागली.

साहित्य ताब्यात घेतानाच आम्ही सगळे थबकलो. मतपत्रिका म्हणून हातात आलं ते चक्क पुस्तक. त्या काळी नावं सरसकट अकारविल्हे लागायची. मान्यताप्राप्त पक्ष वर आणि अपक्ष खाली ही सोय नंतरची. त्यामुळं मोठ्या पक्षांचे उमेदवारही त्याच गर्दीत.

सकाळी एक आजी आडोशाला गेल्या, त्या येईनातच. पानं उलटल्याचा आवाज तेवढा येत होता. मग आतूनच विचारलं, "गुरुजी, आमचं माणूस कुठल्या पानावर हाय ओ?"

"आजी, ते मला सांगता येत नाही. निवांत बघा."

जीव तुटत होता, पण नियम तो नियम. आणखी एक अडचण कुणाच्या ध्यानात आली नव्हती. बाणफुलीच्या शिक्क्याची शाई ओली असताना पानं मिटली, की ठसा समोरच्या पानावरच्या भलत्याच नावापुढं उमटायचा. शिक्का मारून फुंकर घाला, वाळू द्या, मगच मिटा, हे दिवसभर सांगून माझा घसा बसला. रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. उन्हात उभी माणसं, पण कुणी घरी परतलं नाही.

रांगेत एक शेतकरी होता, तोही उमेदवार. अनामत पाचशे रुपये; त्या काळी त्याच्यासारख्याला ही रक्कम लहान नव्हती. मत देऊन बाहेर आल्यावर मी म्हटलं, "पैसे जाणार की हो."

"जाऊ देत की गुरुजी. माझं नाव छापलंय. आमचं म्हणणं काय हाय, ते आता कुणीतरी इचारंल."

समितीची ताकद मला त्या दिवशी दिसली. पुढाऱ्यांच्या भाषणांत ती कधी एवढी जाणवली नव्हती. हरण्यासाठी पदरचे पैसे घालणारी माणसं कुठल्या पक्षाकडं असतात?

विचारलं गेलं, पण वेगळ्याच तऱ्हेनं. त्याच वर्षी कायदा बदलला. लोकसभेची अनामत दहा हजार झाली, अपक्षाला दहा सूचक लागू लागले. देशात इतरत्रही अशी गर्दी झाली होती, पण आमच्याकडचा तो मार्ग बंद झाला.

समिती त्यानंतरही होती. 2013 ला दोन आमदार आले. 2018 मध्ये मात्र समितीचेच उमेदवार एकमेकांसमोर उभे राहिले आणि एकही आला नाही. 2021 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत एकच उमेदवार दिला, तर लाखावर मतं पडली. माणसं तिथंच आहेत. दुफळी करणाऱ्यांचा मला आजही राग येतो, कारण फुंकर घालून शाई वाळवणारी ती रांग मी पाहिली आहे.