फुगा त्याच दिवशी बंद का होत नाही

मेंदूच्या धमनीतल्या फुग्यावरची प्रोसिजर संपवून डॉक्टर बाहेर आले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "फुगा बंद झाला ना?" फ्लो डायव्हर्टर, म्हणजे रक्ताचा प्रवाह फुग्यापासून वळवणारी जाळी, बसवला असेल तर खरं उत्तर "अजून नाही" असंच असतं, आणि ते ऐकून घरच्यांचे चेहरे उतरतात. मी न्यूरो कॅथलॅबमध्ये, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर नळीवाटे आतून उपचार होतात त्या खोलीत, टेक्निशियन आहे. काचेपलीकडे बसून स्क्रीनवर जे रोज पाहते, ते या लोकांना पाहता आलं असतं तर निम्मी भीती तिथेच गेली असती, असं मला फार वाटतं.

मेंदूच्या धमनीची भिंत एखाद्या जागी कमकुवत होते आणि रक्ताच्या माऱ्याने तिथे फुगवटा येतो, तो अ‍ॅन्युरिझम. पूर्वी कवटी उघडून त्याच्या मानेला, म्हणजे तो धमनीला जोडलेला असतो त्या भागाला, क्लिप लावणं हाच मुख्य मार्ग होता. १९९०च्या दशकात आतून प्लॅटिनमच्या बारीक कॉइल भरायची पद्धत आली. दोन्ही उपचार आजही होतात आणि अनेकांसाठी तेच योग्य असतात. पण फुगा मोठा आणि त्याची मान रुंद असेल तर कॉइल आत टिकत नाहीत, किंवा काही काळाने दबून पुन्हा जागा होते.

फ्लो डायव्हर्टर फुग्यात जातच नाही. मांडीतल्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी वर नेतात आणि ही विणलेली जाळी मूळ धमनीतच, फुग्याच्या तोंडावरून आडवी, उघडतात. 'पाइपलाइन' नावाच्या जाळीत ४८ तारा असतात, केसापेक्षाही बारीक. जाळीचा सुमारे एक तृतीयांश भाग धातूचा, बाकी मोकळा. नेहमीच्या स्टेंटपेक्षा वीण खूपच दाट, तरी तिच्याखालून निघणाऱ्या बारीक फांद्यांना रक्त मिळत राहतं, कारण पुढचा मेंदू ते ओढून घेत असतो. फुग्याला पुढे वाटच नाही, म्हणून तिथलं रक्त मंदावतं.

हे मंदावणं स्क्रीनवर दिसतं. जाळी बसवण्याआधी कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेत रक्ताची वाट दाखवणारं औषध, सोडलं की ते जोरात फुग्यात घुसतं, भिंतीवर आपटून गरगरतं आणि क्षणात धुऊन जातं. जाळी उघडल्यानंतर तेच कॉन्ट्रास्ट रेंगाळतं. धमन्या रिकाम्या होतात, शिरा भरायला लागतात, तरी फुग्याच्या तळाशी काळी कोर तशीच असते. ती दिसली की आमच्या खोलीत सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. त्या थांबलेल्या रक्ताची पुढे गुठळी होते आणि जाळीवर धमनीचं नवं अस्तर चढत जातं. त्याला महिने लागतात. अमेरिकेत २०११ साली पाइपलाइनला मान्यता मिळाली ती ज्या चाचणीवर, तिच्यात १०८ रुग्ण होते. सहा महिन्यांनी सुमारे ७४ टक्के फुगे पूर्ण बंद होते. पुढच्या तपासण्यांना आलेल्यांत हे प्रमाण वर्षाने ८७ आणि पाच वर्षांनी ९५ टक्क्यांच्या आसपास गेलं.

फुटलेल्या फुग्यासाठी डॉक्टर सहसा आधी दुसरे मार्ग बघतात, त्याचं कारणही हेच: जाळी लगेच फुगा बंद करत नाही, आणि तिच्यासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घ्याव्याच लागतात.

या गोळ्यांबद्दल मी पेशंटशी हटकून बोलते. एक मावशी आल्या होत्या. मोठ्या फुग्याचा डोळ्याच्या नसेवर दाब येऊन त्यांना एकाच्या दोन वस्तू दिसायच्या. प्रोसिजर छान झाली. काही आठवड्यांनी तपासणीला आल्या तेव्हा म्हणाल्या, "ताई, नुसतं टेकलं तरी हात काळानिळा होतो. ती एक गोळी बंद करू का?" मी त्यांना तिथून हलूच दिलं नाही, आधी डॉक्टरांकडे नेलं. अस्तर चढेपर्यंत ती जाळी म्हणजे वाहत्या रक्तातला उघडा धातू. गोळ्या थांबल्या तर तिच्यावरच गुठळी होऊन स्ट्रोक येऊ शकतो. मावशींच्या गोळ्या सुरूच राहिल्या. फुगा आक्रसत गेला तसं त्यांचं दुहेरी दिसणंही हळूहळू कमी झालं.

अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला बहुधा क्लोपिडोग्रेल ही गोळी असते. ती काहींच्या शरीरात नीट काम करत नाही, कारण यकृतात तिचं रूपांतर पुरेसं होत नाही. म्हणून बरेच डॉक्टर आधी रक्ताची तपासणी करून गरज पडल्यास टिकाग्रेलॉरसारखी दुसरी गोळी देतात. जोडीची ही गोळी, दोन्हींपैकी कुठलीही असो, पुढे काही महिन्यांनी डॉक्टरच बंद करतात, अ‍ॅस्पिरिन बहुधा चालू राहते.

दात काढायचा असो की दुसरं कुठलं छोटं ऑपरेशन, "गोळ्या चार दिवस बंद ठेवा" असं कुणी म्हटलं तर जाळी बसवणाऱ्या डॉक्टरांना फोन केल्याशिवाय एकही गोळी चुकवू नका. आणि अचानक असह्य डोकं दुखलं, तोंड वाकडं झालं, बोबडं बोलणं आलं किंवा हातातली ताकद गेली, तर फोनही नंतर. आधी थेट इमर्जन्सी गाठा आणि डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या. जाळीचं नाव त्यावर असतं.