तीन कोटेशनं आणि एक फळी

हार्डवेअरच्या दुकानात शिरलो की माझा आवाज आपोआप खाली येतो. किराणावाल्याशी, भाजीवालीशी, अगदी सोनाराशीसुद्धा मी ताठ मानेने बोलतो. पण टांगलेल्या बादल्या आणि पीव्हीसीच्या नळ्या यांच्यामधल्या त्या उंच काउंटरपुढे उभा राहिलो की माझा चौथीतला मुलगा होतो. याला कारण माझ्या आधी उभा असलेला मिस्त्री. तो नेहमीच असतो. कानावर पेन्सिल, नजर मोबाईलमध्ये, आणि तोंडाने चाललेलं असतं, "पाऊण इंची दोन एल्बो, एक टी, पाऊण बाय अर्धा रेड्यूसर, सोल्युशन छोटं." दीड मिनिटात माल त्याच्या पिशवीत. मग शेठ माझ्याकडे वळतात.

"बोला काका."

"ते हे असतं ना... नळाच्या आत... गोल, काळं..."

"वायसर. अर्धा इंची का पाऊण?"

इथे माझी विकेट पडते. म्हणून हल्ली मी जुना, सडका भाग प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच नेतो. न बोलता काउंटरवर ठेवतो. वैद्याला नाडी द्यावी तसं.

मात्र भावाच्या बाबतीत मी इतका भोळा नाही. पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, त्यातली अकरा भांडार शाखेत. तिथं टेबलावरची घंटा घ्यायची तरी तीन कोटेशनं मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा, सर्वांत कमी दराच्या नावापुढे 'एल-वन' लिहायचं आणि मग सही. निवृत्त झालो तेव्हा शाल, श्रीफळ आणि ही खोड एवढंच बरोबर आणलं. घरी कुकरची रिंग घ्यायची असली तरी मी तीन दुकानं फिरतो. आमची ही म्हणते, कुकरसाठी तीन रिंगा मागवा, त्यातली सर्वांत कमी वाफ सोडेल ती लावू.

तर गेल्या महिन्यात हिने स्वयंपाकघरात मसाल्याच्या बरण्यांसाठी दोन फुटी फळी मागितली. जुन्या पलंगाची फळी माळ्यावर होतीच. ड्रिल मशीन जावयाने साठीला दिलेलं, ते अजून खोक्यातच होतं. सुताराला विचारलं, तर तो म्हणाला, "सामान मी आणतो, तुम्ही नका त्रास घेऊ." या वाक्याचा अर्थ मला माहीत आहे. कारागिराबरोबर माल घेतला की बऱ्याच दुकानांतून त्याच्या नावे काही टक्के बाजूला पडतात आणि ते आपल्याच बिलात आधी मिळवलेले असतात. म्हटलं, फळी मीच लावणार. यादी केली: ब्रॅकेटची जोडी, आठ नंबरचे दीड इंची स्क्रू आठ, तितकेच फिशर, आणि भिंतीला भोक पाडायचं एक बिट.

फिशर म्हणजे भिंतीच्या भोकात ठोकायची ती प्लास्टिकची नळी. कुणी तिला गिट्टी म्हणतं. आमच्या जुन्या वायरमनच्या तोंडी 'रावळ प्लग' असायचं, आणि रावळ हा कुणीतरी हुशार मराठी माणूस असणार अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती. तो निघाला इंग्रज. रॉलिंग्ज नावाचा कंत्राटदार. ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींची नासधूस न करता विजेचं फिटिंग बसवायचं होतं, म्हणून 1911 च्या सुमारास त्याने तागाच्या धाग्याची नळी काढली. पुढे 1958 साली आर्टुर फिशर या जर्मन गृहस्थाने नायलॉनची केली. त्याआधी आपल्याकडे छिन्नीने भिंतीला खड्डा पाडायचा, त्यात लाकडी गट्टू ठोकायचा आणि खाली पडलेलं प्लास्टर गोळा करायचं, अशी रीत होती. आता दोघांचीही आडनावं आमच्या नाक्यावर सुटी मिळतात, दोन रुपयाला एक.

पहिलं कोटेशन नाक्यावरच्या शेठचं. त्यांनी यादी हातात घेतली, पण भाव सांगितला नाही.

"कशाला पाहिजे?"

हा प्रश्न मला आवडत नाही. भांडार शाखेत पुरवठादाराने कधी विचारलं नव्हतं की घंटा कशाला पाहिजे. तरी सांगितलं.

"भिंत कसली?"

भिंत कसली म्हणजे? पिवळी आहे.

"तसं नाही काका. बिल्डिंग कुठल्या सालची?"

"2016."

"मग विटा नाहीत, सिमेंटचे हलके ब्लॉक असणार. एक भोक पाडून भुसा बघा. लाल पडला तर वीट. पांढुरका, मऊ पडला तर ब्लॉक. करडा पडला आणि मशीन ओरडायला लागलं तर समजा कॉलम लागला." हे सांगताना त्यांनी मागे न बघता डाव्या हाताने एक ड्रॉवर ओढला. त्यांच्या भिंतीवर असे शे-दीडशे ड्रॉवर आहेत, प्रत्येकाच्या तोंडावर आतल्या मालाचा एक नमुना तारेने बांधलेला. त्यातून त्यांनी बोटाएवढा लांब फिशर काढला. "ब्लॉकला हा लागतो. लहान घातला तर गोल फिरत बसेल. आणि ब्लॉकमध्ये मशीनचा हॅमर, म्हणजे ठोके, बंद ठेवायचा, नुसतं ड्रिल."

मी ऐकून घेतलं. मग भाव लिहून घेतले. स्क्रू दोन रुपये नग, फिशर दोन रुपये (लांब घेतला तर पाच), बिट साठ, ब्रॅकेट जोडी नव्वद. "सांगतो," म्हणालो आणि निघालो. शेठ काही बोलले नाहीत. त्यांनी तो लांब फिशर ड्रॉवरमध्ये टाकला. त्याचा टक् असा आवाज माझ्या पाठीला ऐकू आला.

दुसऱ्या कोटेशनसाठी रविवार पेठेत बोहरी आळीला गेलो. लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावी 'हार्डवेअरचं दुकान' असं कुणी म्हणतच नसे. "बोहऱ्याकडे जा आणि पावशेर चुका घेऊन ये," एवढंच वडील म्हणायचे. चुका म्हणजे बारके खिळे. मी जायचो. काथ्या, अळशीचं तेल आणि लोखंड यांचा मिळून एक थंड वास त्या दुकानात असायचा. तो अजून बोहरी आळीत कुठे कुठे येतो. मध्येच उभा टेम्पो, त्याला चुकवत जाणारी हातगाडी, एका दुकानात नुसत्या कड्या-कोयंडे, शेजारी नुसती कुलपं, पलीकडे नुसते दोर. फळ्यावर ओळीने बसवलेल्या मुठी बघत उभं राहिलं की आपल्या घराला किती दरवाजे कमी आहेत असं वाटायला लागतं.

आळीतल्या भाईंचं मराठी माझ्यापेक्षा खणखणीत आणि वेळ माझ्यापेक्षा कमी.

"बोला, किती पेट्या?"

"आठ."

त्यांनी मागे हाक मारली. "आठ पेट्या काढ रे, पस्तीस-आठ!"

"नाही, नाही. आठ स्क्रू."

भाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात फोन आला, त्यात त्यांनी कुणाला तरी दीड टन काहीतरी पाठवायला सांगितलं आणि परत माझ्याकडे पाहिलं. मी एक पेटी म्हणालो.

या धंद्यात भावांची तुलना नीट करताच येत नाही, कारण दोन ठिकाणचं माप एक नसतं. देशात मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला, पण हार्डवेअरच्या गल्लीत तो अजून चालत चालत येतोय. "आठ बाय चार फुटी प्लाय, अठरा एमएमचं" हे एकच वाक्य, त्यात लांबी-रुंदी इंग्रजांची आणि जाडी फ्रेंचांची. नळ इंचात, स्क्रू नंबरात, सळई सुतात. आठ सुतांचा एक इंच, म्हणून चार सूत म्हणजे अर्धा. शेठ नगावर देतात, भाई पेटीवर, आणि खिळे दोघेही किलोवर. एमआरपीचं तर विचारूच नका. पत्रिकेवरच्या मुहूर्तासारखी ती मोठ्या अक्षरात छापलेली असते आणि तिच्यावर कुणी जात नाही.

तरी तक्ता केला. भाईंकडे शंभर स्क्रूंची पेटी एकशे दहा, म्हणजे नग एक रुपया दहा पैसे. शंभर फिशरचं पाकीट साठ, म्हणजे नग साठ पैसे. ब्रॅकेट जोडी सत्तर, बिट पस्तीस. प्रत्येक रकान्यात भाई एल-वन. मी समाधानाने पैसे मोजले. बिट तेवढं घेतलं नाही, कारण तिसरं कोटेशन मोबाईलवरचं होतं आणि त्यात पाच बिटांचा संच एकशे नव्याण्णवला दिसत होता. नग चाळीसच्या आत, वर घरपोच. पाच रुपयांनी महाग, पण बिटासाठी पुन्हा आळीत यायला नको. मोबाईलवर मला कुणी काका म्हणालं नाही, आणि कशाला पाहिजे असंही विचारलं नाही. उलट ज्यांनी हे बिट घेतलं त्यांनी बागेची नळीही घेतली, असं सांगितलं. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो.

घरी येऊन बेरीज केली तेव्हा एक बारीकशी गोष्ट लक्षात आली. शेठकडचं सगळं सामान, अगदी साधा फिशर धरून, एकशे ब्याऐंशी रुपयांत झालं असतं. माझा 'एल-वन' माल चारशे एकोणचाळीसला पडला. शिवाय बसभाडं. हिने तक्ता वाचला आणि विचारलं, "उरलेले ब्याण्णव स्क्रू कुठे लावणार आहात?"

रविवारी सकाळी ड्रिल खोक्यातून काढलं. उजवीकडचं भोक लोण्यात सुरी जावी तसं पडलं. पांढुरका, मऊ भुसा. ब्लॉक. साठ पैशांचा फिशर ठोकला, स्क्रू पिळला, आणि फिशर स्क्रूबरोबर गोल फिरायला लागला. शेठ म्हणाले होते तसाच, अगदी त्याच दिशेने. डावीकडे गेलो तर मशीन ओरडायला लागलं. करडा भुसा, चिमूटभर. कॉलम. पहिलं बिट निळं पडलं, दुसऱ्याचं टोक शेंगदाण्यासारखं गोल झालं, तिसरं मी घातलंच नाही. माल परत करायला मोबाईल उघडला, तर 'कारण निवडा' म्हणून पाच पर्याय आले: रंग आवडला नाही, माप बसलं नाही, वगैरे. 'भिंतीत कॉलम निघाला' हा पर्याय नव्हता.

साडेबारा वाजले होते. ही दारात उभी होती, हातात हळदीची बरणी. बरणी कुठे ठेवायची असं तिने विचारलंसुद्धा नाही.

शेठ शटर अर्धं ओढून जेवायला निघाले होते. मी पिशवीतून तो फिरणारा फिशर काढून काउंटरवर ठेवला. वैद्य, नाडी, नेहमीचंच. त्यांनी तो बोटांत धरून फिरवला.

"बोहरी आळी?"

"हो."

"रंगावरून कळतं." एवढंच. टोमणा नाही, काही नाही. मग वाकून आत गेले, लांब फिशर काढले आणि मोजून चार पुडीत बांधले. वर्तमानपत्राच्या कागदातून एकाचं टोक लगेच बाहेर आलं. "बिट दाखवा. हां. हे थर्माकोलला चालतं." काउंटरखालच्या डब्यात त्यांची स्वतःची हत्यारं असतात, दुकानातली नव्हेत, वापरातली. तिथून त्यांनी एक काळपट बिट काढलं. "हे घेऊन जा. कॉलममध्ये हॅमर चालू ठेवा, पण दाबू नका, त्याचं त्याला जाऊ दे. संध्याकाळी आणून द्या."

"याचे किती?"

"विकायचं नाहीये काका. फिशरचे वीस द्या."

तक्त्यात यासाठी रकाना नव्हता. भांडार शाखेत असतो तर लेखापरीक्षणाने आक्षेपच काढला असता: पुरवठादाराकडून विनामूल्य वस्तू कोणत्या नियमान्वये स्वीकारली?

फळी लागली. बरण्या बसल्या. पण शेवटच्या भोकात मी दाबलं. सवयच आहे, सही करतानाही कागद फाटेपर्यंत दाबतो. आत सळई होती. कट् असा आवाज आला आणि शेठच्या बिटाचं अर्धा इंच टोक कॉलममध्येच राहिलं. ते अजून तिथेच आहे, धनेजिऱ्याच्या बरणीमागे.

सोमवारी गेलो. तुटकं बिट पिशवीतच ठेवलं आणि म्हणालो, "एक सहा एमएमचं बिट द्या, चांगल्यातलं." त्यांनी ड्रॉवर ओढून दिलं. मी साठ रुपये मोजून काउंटरवर ठेवले आणि बिट त्यांच्यापुढे सरकवलं. "हे तुमचं."

"माझं कालचं कुठंय?"

मी तुटकं दाखवलं. शेठ हसले. "असं कसं काका? माझंच बिट माझ्याकडून विकत घेऊन मलाच देता? ते जुनं होतं, दोनदा घासलेलं. पैसे उचला."

मी उचलेना. ते घेईनात. साठ म्हणजे साठ, मी अडून बसलो. दुकानात उभं राहून भाव वर ओढायची ही माझी आयुष्यातली पहिलीच वेळ. मागे एक मिस्त्री ताटकळत होता, कानावर पेन्सिल. त्याचे चार टी आणि एक बॉलव्हॉल्व्ह आमच्या तहावर अडकले होते.

"बरं," शेठ शेवटी म्हणाले. माझ्या साठांतले पंचवीस त्यांनी परत सरकवले. "बोहरी आळीचा भाव घेतो. पस्तीस ना?"