तुम्ही विचारलंत म्हणून: सिनेमाच शिकायचा होता, तर बाकीचे विषय कशाला?

बारावीचा निकाल लागला की ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत हा प्रश्न हमखास येतो. परवा खालच्या काकूंनी जिन्यातच थांबवलं. "आमच्या धाकट्याला सिनेमा शिकायचाय. पण तुझ्या त्या लिबरल आर्ट्समध्ये म्हणे निम्मा वेळ इतिहास आणि पर्यावरणच असतं. मग त्यापेक्षा थेट फिल्म इन्स्टिट्यूट काय वाईट?"

काकू, वाईट काहीच नाही. फक्त पुण्याच्या एफटीआयआयमध्ये दिग्दर्शन किंवा छायाचित्रण शिकायचं तर आधी पदवी लागते. म्हणजे बारावीनंतरची तीन वर्षं कशात घालवायची, हा प्रश्न उरतोच. माझी लिबरल आर्ट्समध्ये, म्हणजे सिनेमाबरोबर इतिहास, पर्यावरण असे विषयही शिकवणाऱ्या पदवीत, कशी गेली, ते सांगते.

दुसऱ्या वर्षी आम्हाला पाच मिनिटांची, संवाद नसलेली फिल्म करायची होती. मी चेंदणी कोळीवाडा निवडला. कॅमेरा सहाजणांत एक, माझ्या वाट्याला फक्त शनिवार. पहिल्या शनिवारी सकाळी नऊला खाडी काठोकाठ भरलेली होती आणि होडी पाण्यावर डुलत होती. उरलेले शॉट घ्यायला पुढच्या शनिवारी बरोबर नऊलाच गेले, उजेड जुळावा म्हणून. उजेड जुळला, पण पाणी नव्हतं. होडी चिखलात कलंडलेली, दोर सैल पडलेला आणि आजूबाजूला निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत होत्या. मला रडूच आलं.

जाळं शिवत बसलेल्या आजींनी विचारलं, "मागल्या शनिवारी एकादशी होती. आज तृतीया. मग पाणी कुठून असेल?"

भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळजवळ सहा तास सरकते, आणि भरती-ओहोटीतलं अंतरही साधारण तेवढंच. म्हणून एका शनिवारी भरती, तर पुढच्या शनिवारी त्याच वेळी ओहोटी. पंधराच दिवसांपूर्वी पर्यावरणाच्या सरांनी हे फळ्यावर चंद्र काढून शिकवलं होतं. मी ते परीक्षेपुरतं उतरवून घेतलं होतं. आजींच्या तोंडून ऐकलं तेव्हा कुठे ते माझ्या फिल्मच्या कामाचं आहे, हे कळलं.

मग मी शॉट जुळवायचा नाद सोडला. तीच चौकट, तोच उजेड, एकदा पाणी आणि एकदा चिखल, असे दोन्ही शॉट एकमेकांना जोडले. मधे फक्त आजींचे हात. कॅमेऱ्याचं तंत्र कुठल्याही वर्गात मिळालं असतं, पण त्या दोन शॉटमध्ये काय आहे हे दिसायला मला तो फळ्यावरचा चंद्र लागला. इतिहासाचंही तसंच. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, हे शाळेपासून पाठ होतं. रेल्वेआधी हे गाव खाडीकडे तोंड करून जगत होतं, याचा विचार मात्र कॉलेजात पहिल्यांदा केला. त्यानंतर माझ्या चौकटीत खाडी मागे राहिली नाही, पुढे आली.

उणीवही सांगायला हवी. प्रकाशयोजना आम्हाला फार वरवर शिकवली. ती मी नंतर दोन वर्षं सेटवर असिस्टंट म्हणून, लाइटवाल्या दादांना विचारून विचारून शिकले. मुलाला पहिल्या दिवसापासून कॅमेराच हातात हवा असेल, तर त्याची इथे घुसमट होईल.

काकूंच्या मुलाला मी येत्या शनिवारी कोळीवाड्यात बोलावलंय. कॅमेरा नको, वही आण म्हटलंय. एकादशी आहे, नऊच्या सुमारास पाणी भरलेलं असेल.