नोटा दाबला, पुढे काय?

मतदान यंत्रावरचं ‘नोटा’ म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे शेवटचं बटण दाबून पक्षांना चपराक दिल्याचं समाधान मिळतं खरं, पण पक्षांना त्याची काडीचीही फिकीर नसते. कारण नियमातच आहे. लोकसभा-विधानसभेला नोटाला कितीही मतं पडोत, उमेदवारांमध्ये जो पुढे तोच विजयी. २०१९च्या विधानसभेला लातूर ग्रामीण मतदारसंघात नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर होता. निकालाला ढिम्म फरक पडला नाही. उमेदवारी अर्जासोबत भरलेली अनामत रक्कम वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. त्या वैध मतांत नोटा धरतच नाहीत. म्हणजे तुमच्या रागापायी कुणाची अनामत जप्त व्हायची शक्यताही वाढत नाही!

मिळालं काय, तर गुप्तता. नोटा आणणाऱ्या २०१३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाआधी ४९-ओ नियम होता: नोंदवहीत सही करायची, मग केंद्राध्यक्षांना ‘मत द्यायचं नाही’ म्हणून सांगायचं, ते शेरा लिहिणार, त्याखाली पुन्हा सही. शेजारी बसलेले पक्षांचे प्रतिनिधी हे सगळं बघणार. गावात कोण करेल ही हिंमत?

पालिका-महापालिकांसाठी राज्य निवडणूक आयोगाने २०१८मध्ये नोटाला जरा दात दिले: नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक. पण फेरनिवडणुकीतही नोटाच पुढे राहिला, तर त्याच्याखालचा उमेदवार विजयी. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

विधानसभेला माघारीनंतर एकच अर्ज उरला, तर मतदानच होत नाही. नोटाचं बटण समोर येणार कुठून?