‘मूर’ला मराठीत काय म्हणायचे?

आर्थर कॉनन डॉइल यांची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ही कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हा अडलेले शब्द ओलांडून मी पुढे जात होतो आणि तरीही कथा कळली, अशी माझी समजूत होती. गेल्या पावसाळ्यात ती कादंबरी, वही आणि शब्दकोश शेजारी ठेवून, पुन्हा वाचायला घेतली आणि पहिल्याच पानावर फजिती झाली. होम्सच्या घरी कोणी पाहुणा एक काठी विसरून गेला आहे आणि तिला डॉइल ‘पेनांग लॉयर’ म्हणतात. हा कोणी पेनांगचा वकील असावा, असे समजून मी पूर्वी पान उलटले होते. प्रत्यक्षात ते काठीचेच नाव आहे: मलेशियातल्या पेनांग बेटाकडून येणारी, ताडाच्या कुळातील झाडाची, गाठाळ मुठीची जाडजूड काठी.

त्याच काठीचा ‘फेरुल’ झिजलेला आहे, असे पुढे येते. शब्दकोश पाहिला आणि हसू आले, कारण आजोबांच्या काठीच्या टोकाला बसवलेल्या लोखंडी टोपणाला आमच्या घरी ‘शेंबी’ म्हणत. शेंबी झिजली आहे, म्हणजे मालक पुष्कळ चालतो, असा वॉटसन तर्क करतो आणि, क्वचितच घडते तसे, तो बरोबर निघतो. मी मात्र हा शब्द ओलांडताना पुरावाच ओलांडला होता.

‘फुलसम’ या शब्दाने तर चक्क फसवले. काठीचे मालक डॉक्टर मॉर्टिमर होम्सच्या कवटीची तोंडभर स्तुती करतात, तिचा लोभ वाटतो असेही सांगतात, आणि वर आपला हेतू ‘फुलसम’ होण्याचा नाही, असे म्हणतात. मी त्याचा अर्थ ‘भरभरून बोलणे’ असा घेतला होता. तिथे खरा अर्थ तोंडपुजेपणा करणे असा आहे आणि तो कळल्यावर सारा संवाद दुप्पट गमतीदार झाला. कवटीच्या वर्णनातील ‘डोलिकोसेफॅलिक’ म्हणजे केवळ लांबट डोक्याचा. एवढा मोठा शब्द आणि आत इतकेच.

‘हॅन्सम’ ही घोडागाडी आहे, हे मला ठाऊक होते, पण डोळ्यांसमोर टांगा होता. त्यामुळे लंडनच्या रस्त्यात बास्करव्हिल घराण्याचा वारस सर हेन्री याचा पाठलाग करणारा दाढीवाला गाडीच्या छतातली झडप उघडून गाडीवानाला ओरडून काही सांगतो, हा प्रसंग मला कधीच नीट दिसला नव्हता. टांगेवाला पुढे बसतो. हॅन्समचा गाडीवान मागे, छताच्याही वर बसतो आणि आतल्या माणसाला त्याच्याशी बोलायला ती झडपच असते.

मात्र ज्याने मला सर्वांत अधिक गुंतवले, ते सर हेन्रीला हॉटेलवर आलेले निनावी पत्र. जीव किंवा बुद्धी प्यारी असेल तर मूरपासून दूर राहा, अशा अर्थाचे ते एक वाक्य ‘टाइम्स’च्या आदल्या दिवशीच्या अग्रलेखातून शब्द कापून चिकटवलेले आहे, फक्त ‘मूर’ हा शब्द शाईने लिहिलेला आहे, कारण बाकीचे शब्द कुठल्याही अंकात सापडतील, हा सहजी सापडत नाही. होम्स टाइपावरून वृत्तपत्र ओळखतो आणि तो टाइप ‘लेडेड बर्जॉइस’ असल्याचे सांगतो. हे ‘बूर्झ्वा’ असे वाचून मध्यमवर्गाचा टाइप कसा असेल, याचा मी बराच विचार केला होता! ते छपाईच्या खिळ्यांच्या एका आकाराचे नाव आहे आणि ‘लेडेड’ म्हणजे दोन ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालून मोकळा जुळवलेला मजकूर.

राहिला खुद्द ‘मूर’. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातील डार्टमूर म्हणजे उंचावरचा, झाडे विरळ असलेला, ओलसर, पीट म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा आणि हेदरच्या झुडपांचा मुलूख. त्यात मधूनमधून ग्रॅनाइटचे खडक डोके वर काढतात आणि दलदल अशी की वॉटसनच्या डोळ्यांदेखत एक तट्टू तिच्यात गडप होते. वहीत मी प्रथम ‘माळ’ लिहिले, पण आपला माळ कोरडा असतो. मग ‘सडा’ लिहिले, पण कोकणातल्या सड्यावर पायाखाली जांभा असतो, तिथे तट्टू बुडायचे कसे? ‘पठार’ तर शाळेच्या भूगोलातून उठून आल्यासारखे वाटले. तिन्ही शब्द खोडून अखेर ‘मूर’ असेच शाईने लिहिले. त्या पत्रलेखकालाही तो शब्द शाईनेच लिहावा लागला होता.