लाल म्हणजे कुठला लाल?

कडे चढायला म्हणून लानबेरिसला पोचलो तेव्हा पाऊस पडत होता. वेल्सच्या डोंगरात ही काही बातमी नव्हे. उद्या उघडीप मिळेल असा अंदाज होता, म्हणून संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत चादर अंथरली आणि दादाने व मी आपापल्या पिशव्या तिच्यावर रिकाम्या केल्या. नट (फटीत अडकवायचे धातूचे छोटे ठोकळे), कॅम (फटीत उघडून दोन्ही भिंतींना धरणाऱ्या स्प्रिंगच्या पाकळ्या), हेक्स (मोठे, पोकळ, षटकोनी नट), स्लिंगा (पट्टीचे फास), कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या कड्या). चादर दिसेनाशी झाली.

"हे घेऊन चढायचंय की दुकान मांडायचंय?" दादा म्हणाला.

ट्रॅड क्लाइंबिंगमध्ये कड्यावर आधीपासून ठोकलेले बोल्ट नसतात. पुढे चढणारा फटींमध्ये आपलं सामान बसवत जातो, त्यात दोर अडकवतो आणि मागून येणारा ते सगळं काढून आणतो. त्यामुळे सामान फार कमी नेलं तर वरच्या फटीला काहीच उरत नाही आणि फार नेलं तर ते कमरेला लटकून आपल्यालाच खाली ओढतं. आम्हा दोघांकडे पुरेसं सामान होतं. अडचण अशी की दोघांनी ते वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कंपन्यांचं घेतलेलं होतं आणि आम्ही पहिल्यांदाच एकत्र चढणार होतो.

मी सवयीने आधी कॅम उचलले. दादाने ते माझ्या हातातून काढून बाजूला ठेवले. "आधी नट लाव रांगेत."

दोघांकडे १ ते १० नंबरचे नट होते. मला वाटलं, एक संच पुरे, दुसरा खोलीवर राहू दे. दादाने दोन्ही संचांतले ७ नंबरचे नट माझ्या तळहातावर ठेवले. रुंदी जवळपास सारखी, पण माझ्या नटाची पाठ जास्त वाकलेली आणि त्याच्या नटाच्या अंगाला उभी खोबण. ज्या फटीत माझा नट डुगडुगेल, तिथे त्याचा कदाचित गच्च बसेल. त्याचं म्हणणं असं की एकाच कंपनीचे दोन संच घेतले तर फक्त संख्या वाढते, पण दोन कंपन्यांचे मिसळले तर मधले आकार फुकटात मिळतात. शिवाय दगडाची फट काही कारखान्यातून येत नाही. मला हे पटलं. दोन्ही संच घेतले आणि तोंडाशी पसरट होणाऱ्या फटींसाठी तिरक्या आकाराचे चार ऑफसेट नट जोडले.

हेक्सवरून मात्र मी त्याची चेष्टा केली. चालताना ते गुरांच्या घंटांसारखे वाजतात. तरी त्याने मोठे दोन घेतलेच. "सकाळी फट ओली असेल. कॅमला घर्षण लागतं, हेक्सला अडकायला चिंचोळी जागा पुरते."

कॅमचं गणित खरोखर बघण्यासारखं आहे. रे जार्डिन या अमेरिकन चढवय्याच्या डोक्यातून निघालेले 'फ्रेंड्स' नावाचे कॅम १९७८ साली बाजारात आले. त्यांच्या पाकळ्यांचा आकार असा, की फट अरुंद असो वा रुंद, पाकळी दगडाला १३.७५ अंशांचा तोच कोन धरते. खाली जेवढा भार येईल, त्याच्या साधारण दुप्पट जोराने कॅम दोन्ही भिंती बाहेर रेटतो. म्हणूनच तो समांतर फटीतही टिकतो, जिथे नट सरळ घसरून खाली येईल. आणि म्हणूनच ढिल्या, पोकळ वाजणाऱ्या दगडामागे तो लावायचा नाही, कारण पडलो तर आपणच तो दगड उपटून अंगावर घेतो. शेवळलेल्या फटीत तर दोन्ही भिंतींशी बोलणी फिसकटलीच म्हणायची. नटाचं तसं नाही. फट खाली चिंचोळी होत असेल, तर तो तिथे पाचरीसारखा अडकतो आणि ओढ जितकी जास्त तितका आणखी घट्ट होतो.

शेवटी ठरलं ते असं: नटांचे दोन संच, माझे कॅम पूर्ण, दादाचे मधल्या आकारांचे चार कॅम, दोन हेक्स आणि ६० व १२० सेंटिमीटरच्या स्लिंगा. चादर दिसू लागली तेव्हा आम्हाला फार हुशार झाल्यासारखं वाटलं.

सकाळी खिंडीकडे निघालो तेव्हा वाटेत स्नोडनवर जाणाऱ्या दातेरी रेल्वेचं स्टेशन लागलं. १८९६ साली सुरू झालेली ही गाडी. १९५०च्या दशकात क्लॉगीच्या कड्याकडे जाणारे चढवय्ये या रुळांच्या कडेने जात आणि बोल्टांवरून गळून पडलेले साधे नट खिशात टाकत. त्याआधी खिशात गोटे न्यायची पद्धत होती. गोटा फटीत अडकवायचा आणि त्याभोवती दोरीचा फास ओवायचा. मग कुणाला तरी सुचलं की लोखंडी नटाला भोक आयतंच आहे. आतले आटे कानशीने घासून काढले की दोरी कापली जायची भीती नाही. १९६१ मध्ये जॉन ब्रेल्सफर्डने खास चढाईसाठी 'एकॉर्न' नावाचा नट बनवला. १९६६ मध्ये इथे आलेले अमेरिकन चढवय्ये रॉयल रॉबिन्स ही कल्पना अमेरिकेत घेऊन गेले आणि पुढच्याच वर्षी लिझ रॉबिन्ससोबत कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत एक आख्खी वाट एकही पिटॉन, म्हणजे दगडात ठोकायचा खिळा, न ठोकता चढले. तिचं नावच 'नटक्रॅकर'. आम्ही रुळांकडे जरा जास्तच आशेने पाहिलं. काही पडलेलं नव्हतं.

दिनस क्रॉमलेकचा कडा रस्त्यावरूनच दिसतो, उघडून उभ्या ठेवलेल्या पुस्तकासारखा. पानांच्या मधल्या शिवणीतून 'सेनोटाफ कॉर्नर' ही वाट जाते, जी जो ब्राउन आणि डग बेलशॉ १९५२ मध्ये चढले. आम्ही तिच्याकडे आदराने बघून शेजारच्या 'फ्लाइंग बट्रेस'कडे वळलो. ती सोप्यांपैकी आहे, आणि दोघांचे रॅक, म्हणजे सामानाचे संच, मिसळून पहिल्यांदा चढायचं तर सोपीच वाट बरी.

दुसऱ्या पिचला, म्हणजे वाटेच्या दुसऱ्या टप्प्यात, मी पुढे होतो. निघाल्यावर लगेच एक सुबक नट बसला. बघून समाधान वाटावं असा, दोन्ही गाल दगडाला टेकलेले. मी त्यात दोर थेट अडकवला आणि उजवीकडे सरकत वर गेलो. थोड्या वेळाने खालून टिंग टिंग असा आवाज आला. तो सुबक नट दोरावरून घसरत दादाच्या हातापाशी जाऊन थांबला होता.

चूक सरळ होती. नट खालची ओढ सोसतो, वरची नाही. मी बाजूला गेल्यावर दोर ताणला आणि त्याने नट अलगद उचलून बाहेर काढला. ६० सेंटिमीटरची एक स्लिंग मध्ये जोडली असती तर दोर हलत राहिला असता आणि नट जागेवर बसून राहिला असता. स्लिंगा माझ्या खांद्यावर होत्या. सगळ्या.

"हा परत देऊ का?" दादाने खालून विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

आता मला लवकर काहीतरी भक्कम हवं होतं. वर डोक्याच्या उंचीवर एक उभी, कोरडी, समांतर फट होती. दादा ही वाट पूर्वी चढलेला. त्याने ओरडून सांगितलं, "तिथे लाल जातो बघ!"

मी कमरेला चाचपलं, लाल कॅम मिळाला, दांडी दाबून आत सरकवला आणि सोडला. पाकळ्या पूर्ण उघडल्या, वाऱ्याने उलटलेल्या छत्रीसारख्या, आणि जेमतेम टोकांवर उभ्या राहिल्या. बोटाने ढकललं तर अख्खा कॅम आत चालत गेला. कॅम साधारण अर्धा ते पाऊण मिटलेला असायला हवा. हा तर दगडाला नुसता शिवत होता.

"लाल बसत नाहीये!"

"बसतो! मी लावलाय!"

"दादा, कुठला लाल?"

खाली शांतता पसरली. मग मला दुसऱ्या बाजूला लटकणारा त्याचा लाल दिसला. माझा लाल सुमारे २३ ते ३३ मिलिमीटरच्या फटीचा, त्याचा ३० ते ५२ चा. रंग एक, कंपन्या दोन. आदल्या रात्री ७ नंबरच्या नटांवर अर्धा तास घालवणारे आम्ही दोघे हे मात्र विसरलो होतो. त्याचा कॅम लावला, पाकळ्या पोटाने दगडाला भिडल्या, मी स्लिंग जोडली, दोर अडकवला आणि मग कुठे श्वास घेतला. पोटऱ्या अजून शिवणयंत्रासारख्या थरथरत होत्या.

पुढे फार काही झालं नाही. एक नट मी भीतीपोटी इतक्या हिसक्याने बसवला होता की तो काढायला दादाला दहा मिनिटं लागली आणि तेवढा वेळ नट-कीच्या (अडकलेला नट उपसायच्या आकड्याच्या) ठोक्यांबरोबर त्याची मतंही वर ऐकू येत होती. वर स्वतःला बांधून घ्यायच्या अँकरसाठी मला तीन चांगल्या जागा मिळाल्या, त्यातली एक हेक्सची. चेष्टा मी त्या क्षणी मागे घेतली, मनातल्या मनात.

रात्री पुन्हा चादर. दादाच्या चारही कॅमच्या दांड्यांवर पांढरी चिकटपट्टी गुंडाळली. मग ठरवलं की रंगाचं नावच घ्यायचं नाही, फटीत काय मावतं ते सांगायचं. बोट, पेर, पंजा, मूठ. कंपनी कुठलीही असो, शरीराचं माप बदलत नाही.

सकाळी दादा पुढे होता आणि मी खाली दोर धरून. मला त्याच्यापुढची फट त्याच्यापेक्षा बरी दिसत होती.

"तिथे पंजा जाईल!" मी ओरडलो.

दादाने आपला रुंद, जाडजूड हात फटीपाशी नेला, मग मान वळवून खाली पाहिलं.

"तुझा की माझा?"